जालन्यातला समुद्र

रेल्वे स्टेशनावर उतरले की गावाच्या नावाची पिवळी पाटी आणि तिच्यावरची बारीक ओळ वाचायची मला जुनी खोड आहे. गाव समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, हे त्या ओळीत लिहिलेले असते. ती मुद्दाम वाचणारा दुसरा उतारू मला अजून भेटलेला नाही, आणि हमालांना तर तिच्याशी काहीच कर्तव्य नाही. जालन्याच्या फलाटावर मात्र ती वाचताना मौज वाटते. उंची पाचशे मीटरांच्या आसपास, मुंबईचा किनारा रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरांहून दूर, आणि चहूकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवालेल्या लाव्हाचे काळे पठार. अशा गावात समुद्राचे नाव काढणारी ती एकच पाटी, अशी माझी समजूत होती. समुद्राला येथे यायचेच झाले, तर मिठाच्या पिशवीत बसूनच यावे लागेल.

या खेपेस तो तसाच आलेला मी पाहिला.

जालन्याला गेलो होतो तो एका महाविद्यालयात मराठी गद्यावर दोन व्याख्याने द्यायला. दसरा होऊन गेला होता, दिवाळीला पंधरवडा होता. उतरायला मावसभावाचे घर. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. जुन्या जालन्यात त्यांचे मोटार रिवायंडिंगचे दुकान आहे. विहिरींच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटारी तेथे येतात आणि नवी तांब्याची तार अंगावर घेऊन परत जातात. त्यामुळे तालुक्यातल्या कोणत्या गावचे पाणी किती फूट खाली गेले, हे अण्णांना सरकारी दप्तराच्या आधी कळते.

‘जालना सोने का पालना’ अशी जुनी म्हण आहे. हे सोने पूर्वी कापसाचे होते. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा रेल्वेमार्ग झाला आणि या पेठेचा कापूस दूरदूर जाऊ लागला. पुढे १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज गावाबाहेर सळ्यांचे कारखाने धूर ओकतात, खेड्यांतून मोसंबीच्या बागा आहेत, आणि जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबादेपासून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरपासून, निराळा जिल्हा झाल्यावर गाव आणखी फुगले. पाळणा असा मोठा होत गेला, तरी त्यातल्या बाळाची तहान कधी भागली नाही. पाण्याची गोष्ट निघाली नाही असे जालन्याचे एकही घर मला ठाऊक नाही.

आणि अशा गावात अण्णांच्या दिवाणखान्यात चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच काचेच्या टाकीत तीनशे लिटर समुद्र भरलेला होता.

समुद्र म्हणजे अगदी समुद्र. गोड्या पाण्यातल्या सोनमाशांची पेटी आपण दवाखान्यांतून पाहतो, ती निराळी. या टाकीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊनफिश होते, एक निळसर डॅमसेल होता आणि वाळू चाळत हिंडणारा एक गोबी होता. पोवळी नव्हती. आपल्या देशात २००१ पासून खडकाळ पोवळ्यांना वाघासारखेच कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून अण्णांनी भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड रचून त्यांवर काम भागवले आहे. मीठ स्वयंपाकाचे चालत नाही. समुद्राच्या एका लिटरात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्यांत जेवणातले मीठ पुष्कळ असले तरी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम हेही ठरल्या प्रमाणात लागतात. असे तयार मिश्रण बादलीत बंद होऊन येते. तीनशे लिटरांना साडेदहा किलो. ते शुद्ध पाण्यात घोळायचे आणि हायड्रोमीटरचा काटा १.०२५ वर आला की समुद्र झाला.

“करणं सोपं आहे रे,” अण्णा म्हणाले, “राखणं अवघड.”

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. “राखायला मी आहे ना,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, “भाऊजी, २०१९ सालची गोष्ट विचारा यांना.”

ती गोष्ट अशी. २०१२-१३ चा दुष्काळ या घराने सोसला होता. त्या वर्षी जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या, आणि माणसांनी पिण्याचे पाणी टँकरमागे धावून मिळवले. पुढे जायकवाडीच्या धरणाहून जलवाहिनी आली, थोडा जीव आला, आणि २०१८ च्या आरंभी अण्णांनी हौसेने ही टाकी मांडली. त्याच वर्षी पाऊस हुकला. २०१९ च्या उन्हाळ्यात पुन्हा टँकर आले. वहिनी घागरी-बादल्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या, आणि घरात काचेआड तीनशे लिटर पाणी दिव्याच्या उजेडात चमकते आहे. शेजारची मुले पूर्वी मासे बघायला येत. त्या दिवसांत ती आली की पाण्याकडेच बघत, असे वहिनी म्हणाल्या. एक दिवस त्यांनी सांगून टाकले, “हे उपसून टाका. मला लाज वाटते.”

“उपसून करू काय?” अण्णांनी विचारले. “ते पिता येत नाही, झाडाला घालता येत नाही, भांडी घासता येत नाहीत.”

आणि हे खरेच होते. वहिनींना त्या उत्तराचाच अधिक राग आला असावा. शेवटी तह झाला. नळाचा आणि टँकरचा एक थेंबही टाकीला मिळणार नाही. मासे जगवायचे असतील तर ते आभाळाच्या पाण्यावर जगवा.

२०१८ च्या तुटक पावसात अण्णांनी गच्चीचे पाणी दोन हजार-हजार लिटरच्या टाक्यांत धरून ठेवले होते. पहिल्या सरीचे धुळीचे पाणी सोडून द्यायचे, नंतरचे धरायचे, टाकीला अंधार ठेवायचा म्हणजे शेवाळ धरत नाही. पावसाचे पाणी येथल्या बोअरच्या पाण्यापेक्षा शतपटीने मऊ. काळ्या पाषाणातून वर येणाऱ्या पाण्यात इतके क्षार असतात की ते आरओच्या यंत्रातून गाळावे लागते, आणि घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना तीन-चार लिटर बाहेर टाकतो. एका शेजाऱ्याने सुचवले की वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी वापरा, ते तर फुकटच आहे. अण्णांनी मान हलवली. त्या यंत्रात तांब्याच्या नळ्या असतात, आणि तांब्याचा अंश खेकडे-शंखांसारख्या जिवांना विष होतो. तांब्याशी रोजचा संबंध असलेल्या माणसाने हे सांगावे, हे मला आवडले.

पण मुख्य खुबी पाणी मिळवण्यात नव्हती. समुद्राच्या टाकीला पाणी दोन कारणांनी लागते. एक, वाफ होऊन जाते ते; क्षार मागे राहतात, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालावी लागते. मराठवाड्याच्या मे महिन्यात ती दिवसाला चार-पाच लिटर. दुसरे, माशांच्या मलमूत्राचा आणि उरलेल्या अन्नाचा अंश पाण्यात साठत जातो, म्हणून दर आठवड्याला दहावा हिस्सा काढून नवे घालायचे. पहिल्याला इलाज थोडाच. अण्णांनी वाऱ्यावर पाणी थंड करणारा पंखा बंद केला आणि त्याऐवजी फ्रीझरमध्ये गोठवलेल्या बंद बाटल्या टाकीत तरंगत ठेवल्या. दुपारी दोन, संध्याकाळी दोन. दुसऱ्याला मात्र इलाज होता, आणि तो म्हणजे हात चालवणे. घाण कुजायच्या आत बाहेर काढली तर पाणी बदलायची वेळच लांबते. मासे चारच ठेवले, खाणे निम्मे केले, आणि फिल्टरची सफाई दुपटीने वाढवली. आठवड्याचे पाणी महिन्यावर गेले. चार महिन्यांत सातशे-साडेसातशे लिटर लागले, सगळे गच्चीवरचे.

“पाणी नाही, म्हणून हात,” अण्णा म्हणाले. “मोटारीचंही तसंच आहे. वेळेवर पुसली-तपासली तर जळत नाही. पण मग आमचं दुकान चालायचं कसं?”

रविवारी सकाळी ती सफाई मी पाहिली. आठ ते साडेनऊ. वाचकांपैकी कोणाकडे अशी टाकी असेल-नसेल, पण दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांच्याच हातात फडके आलेले असते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

टाकीखालच्या लाकडी कपाटात दुसरी टाकी असते. वरचे पाणी नळीने तेथे उतरते, गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते. सगळा कारखाना त्या कपाटात. अण्णांनी प्रथम बटणे बंद केली आणि प्लग काढून ठेवले. खारे पाणी विजेला फार जवळचे, म्हणून प्रत्येक वायरीला भोकाच्या खाली झोळ दिलेला होता. ओघळ आला तर तो झोळाच्या तळाशी थेंब होऊन पडतो, सॉकेटात शिरत नाही. मग हात कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने धुतले. साबण नाही, तेल नाही.

पहिला मान स्किमरचा. हे खाऱ्या पाण्याचे खास यंत्र आहे. एका उभ्या नळकांड्यात पंप हवेचे अतिशय बारीक बुडबुडे सोडतो. पाण्यातला तेलकट, चिकट मळ बुडबुड्यांना धरून वर चढतो आणि फेस होऊन माथ्यावरच्या पेल्यात सांडतो. हर्णैला किंवा जुहूला वारा सुटला की वाळूवर पिवळट फेस येऊन पडतो, तोच हा फेस. समुद्र आपली सफाई अशीच करतो. माणसाने फक्त नळकांडे लावले. गोड्या पाण्यात हे जमत नाही, कारण तेथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि निसटतात. खाऱ्यात ते बारीकच राहतात.

पेला काढला तेव्हा आत गडद चहाच्या रंगाचे पाणी होते. वास सांगत नाही. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “याला अभ्यंगस्नान घाला म्हणावं!” पेला रिकामा करून अण्णांनी त्याच्या गळ्याचा आतला भाग बोटाने आणि मऊ ब्रशाने पुसला. हा गळा महत्त्वाचा. त्यावर चरबीचा पातळ थर बसला की फेस वर चढायचा थांबतो. पेला अर्धा रिकामा असला तरी यंत्र बसल्यासारखे होते. नंतर हवा ओढणारी बारीक नळी. तिच्या तोंडाशी मीठ सुकून गोठते आणि हवा अडते. तीत कोमट पाणी सोडले, पांढरा खडा विरघळून गेला. बाजारात नवे स्किमर घेणाऱ्या कित्येकांचे जुने केवळ या मिठाच्या खड्याने बंद पडलेले असते, असे अण्णांचे मत. मोटारवाल्याच्या मताला मी मान देतो.

मग पंप. दर दोन-तीन महिन्यांनी तो उघडायचा. आतली चुंबकाची फिरकी बाहेर काढली तर तिच्या पात्यांवर चुन्यासारखा थर. समुद्राच्या पाण्यातला कॅल्शियम असा सगळीकडे बसतो. निम्मे पाणी आणि निम्मा व्हिनेगर घालून फिरकी त्यात तासभर ठेवली. बारीक फुगे सुटले, आणि जुन्या दात घासायच्या ब्रशाने पुसताच ती नव्यासारखी झाली. मग साध्या पाण्यात दोनदा बुचकळून परत जागेवर. ती फिरकी थकली की मोटार गरम होते, पाणी तापते, वीज जास्त खाते. मासा मात्र तक्रार करत नाही, तो नुसता पृष्ठभागापाशी येऊन तोंड उघडझाप करतो.

कापडी पिशव्या, ज्यांना अण्णा मोजे म्हणतात, दर दोन दिवसांनी बदलायच्या. त्या आरओने टाकून दिलेल्या पाण्यात पिळायच्या आणि उन्हात कडक वाळवायच्या. काठावर साचलेली मिठाची पांढरी बुरशी ओल्या फडक्याने टिपून घ्यायची, आत पाडायची नाही. हे सगळे झरझर झाले. येथपर्यंतची सफाई आपल्या दिवाळीच्या सफाईसारखीच होती; चकचकीत केले की झाले.

पुढच्या वस्तूपाशी अण्णांचा हात एकदम हलका झाला. स्पंजाचा एक जाड तुकडा आणि मातीच्या पोकळ नळकांड्यांची एक टोपली. दोन्ही तपकिरी, बुळबुळीत. हे आता घासणार असे मला वाटले. अण्णांनी टाकीतलेच बादलीभर पाणी काढले, त्यात स्पंज दोनदा हळूच दाबून सोडला, टोपली एकदा हेलकावली, आणि दोन्ही तशाच तपकिरी अवस्थेत परत ठेवली.

“हे राहिलं की अण्णा.”

“ते मळकंच ठेवायचं. पहिल्या दिवाळीला मी हाच पराक्रम केला होता,” ते म्हणाले. २०१८ ची दिवाळी. घर सगळे लख्ख, तेव्हा ही टोपली का मळकी राहावी? त्यांनी ती नळाखाली धरली आणि साबण लावून, घासून, पांढरीशुभ्र करून बसवली. तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखे गढूळ झाले. भाऊबीजेला एक मासा गेला, दुसऱ्या दिवशी आणखी एक.

कारण त्या बुळबुळीतच टाकीचा प्राण असतो. मासा श्वासाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, आणि तो त्याला स्वतःलाच विष. स्पंजावर आणि मातीच्या छिद्रांत जिवाणूंची वस्ती असते. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, तेही विषच. दुसरी जात नायट्राइटचे नायट्रेट करते, ते मात्र पुष्कळसे सोसवते. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू मातीतून वेगळे काढून दाखवले. आपल्या कापसाच्या रानात युरिया पडतो तेव्हा काळ्या मातीत हेच काम चालते, म्हणून तर झाडाला ते खत घेता येते. नव्या टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि नळाच्या क्लोरिनने ती काही मिनिटांत उठते. तिला हवाही लागते. वीज गेली आणि बंद डब्यातल्या फिल्टरचे पाणी काही तास तसेच तुंबले, तर आतले जिवाणू गुदमरून मरतात; वीज येताच तेच कुजके पाणी टाकीत जाते. म्हणून अण्णांनी बंद डबा ठेवलेलाच नाही, आणि हवेच्या पंपाला एक बॅटरी जोडून ठेवली आहे.

मराठीच्या माणसाला येथे थोडे विषयांतर करू द्यावे. आपल्या भाषेत गाळायचे ते पाणी आणि उरतो तो गाळ. क्रियापद एकच; पण गाळ म्हटले की आपण नाक मुरडतो आणि गाळलेले म्हटले की ओंजळ पुढे करतो. अण्णांच्या टोपलीपाशी हे दोन अर्थ एका जागी आले होते.

शेजारच्या काकू तेवढ्यात डबा परत द्यायला आल्या होत्या. त्यांचे घर जैन. जालन्याच्या पेठेत जैन व्यापारी घराणी पुष्कळ आहेत. स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवताना पाहून त्या म्हणाल्या, “ही तर जीवाणी झाली.” त्यांच्या सासूबाई विहिरीचे पाणी दुहेरी कापडातून गाळीत. कापडावर जे बारीक जीव राहतील ते मरू नयेत म्हणून ते कापड गाळलेल्याच पाण्याने खळबळून घेत, आणि ते पाणी ज्या विहिरीतून आणले तिच्यातच हळूच परत सोडीत. दुसऱ्या विहिरीत नाही. ज्याचे पाणी त्यालाच. धर्माने सांगितलेली ही रीत आणि मत्स्यपेटीच्या पुस्तकातली रीत हेतूने अगदी निराळ्या, पण हात तेच आणि तसेच चालतात. अण्णांनी आता तो शब्दच उचलला आहे. “आज जीवाणी आहे,” असे ते रविवारी म्हणतात.

घरात समुद्र ठेवायचे हे वेड तसे फार जुने नाही. १८४६ साली ॲना थाइन नावाच्या एका इंग्रज बाईंनी किनाऱ्यावरून पोवळी लंडनला आणली. पंप नव्हता, वीज नव्हती. पाण्याला हवा मिळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून समुद्राचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरून ओतीत बसे. इतिहासात नाव बाईंचे राहिले. फिल्टर मात्र ती मोलकरीण होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांनी किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी कृत्रिम समुद्रजलाची कृती छापली. आपल्याकडे मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाले. मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्यांनी मे महिन्याच्या सुटीत तेथे काचेला नाक लावले, अण्णाही त्यांतलेच. आता ते बंद आहे. पण त्याच्या दारात समुद्र होता. जालन्याच्या माणसाला तो घरी कालवावा लागतो.

सोमवारी माझे दुसरे व्याख्यान झाले आणि दुपारी अण्णांनी मला स्कूटरवर घेतले. “घरातला फिल्टर पाहिलास, आता गावाचा बघ,” म्हणाले. प्रथम मोती तलाव. मलिक अंबरच्या अमलात येथला कारभार जमशेदखानाकडे होता. त्याने जामा मशीद आणि सराई बांधली आणि हा तलाव केला. त्यातून जमिनीखालच्या नळांनी पाणी गावातल्या हौदांत खेळवले होते. त्या काळच्या कारागिरीला नमस्कार करावा अशी ती योजना. आज तलाव आहे, काठाला बाग आहे, संध्याकाळी मुले झोके घेतात. पण जमिनीखालचे ते नळ निकामी होऊन गेले. बांधणाऱ्याचे नाव दप्तरात राहते. नळात उतरून गाळ काढणाऱ्याचे राहत नाही, आणि तो यायचा थांबला की नळही राहत नाहीत.

घाणेवाडीचा तलाव गावापासून थोडा दूर, उंचावर. निजामाच्या काळात, १९३० च्या दशकात तो झाला. तेथून पाणी उताराने, पंपावाचून, जालन्यात येते; मोटारीच्या धंद्यातल्या माणसाने याचे कौतुक करावे हे अण्णांचे मोठे मन. याला संत गाडगेबाबा जलाशय असेही नाव आहे. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या संताचे नाव ज्याने या पाण्याला दिले त्याला दाद दिली पाहिजे. तळ्याने वर्षानुवर्षे पाण्याबरोबर माती गिळली आणि त्याचे पोट उथळ होत गेले. मग २०१० च्या सुमारास गावातल्या काही उद्योजकांनी आणि नागरिकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंच काढला, वर्गणी जमवली, यंत्रे लावली. गाळ काढायचा खर्च मंचाचा. तो वाहून न्यायचे काम शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरांनी केले. बरड माळावर तो पसरला की पीक धरते. पुढे २०१७ साली सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ अशी योजनाच काढली.

बांधावर उभे राहून अण्णा पाण्याकडे पाहत होते. पावसाळा बरा झाला होता, तलावात पाणी होते. मी विचारले की आता आणखी गाळ काढावा लागेल का.

“दरवर्षीच लागणार,” ते म्हणाले. “माती काय, यायची थांबते का? फक्त तळ खरवडायचा नाही. खालची चिकण माती ठेवायची, नाही तर पाणी जिरून जातं.”

तळ्याचीही एक टोपली असते, जी मळकीच ठेवायची, हे मला तेथे कळले.

मंगळवारी वहिनींच्या आग्रहाने अंबडला गेलो. तेथली मत्स्योदरी देवी एका टेकडीवर आहे, आणि टेकडीचा आकार माशासारखा म्हणून देवीचे नाव तसे. समुद्रापासून इतक्या दूर, कोरड्या रानात, एक दगडी मासा शतकानुशतके देवीला पोटात घेऊन बसला आहे. पायऱ्या चढून गेल्यावर वारा छान लागतो. वहिनींनी ओटी भरली आणि हळूच कबूल केले की २०१९ च्या उन्हाळ्यात त्या येथे पावसासाठी नवस बोलल्या होत्या, आणि नवसात ते चार मासेही होते. “यांना सांगू नका,” असे त्यांनी बजावले, म्हणून ते मी येथे छापून टाकतो. अण्णा दिवाळी अंक वाचत नाहीत.

परत आलो तो घरात सफाईला आरंभ झालेला. भाचेसुना आल्या होत्या. पंख्याची पाती खाली उतरली होती, पितळी डबे चिंच लावून अंगणात ओळीने बसले होते, माळ्यावरच्या ट्रंका बाहेर आल्या होत्या. दिवाणखाना मोकळा, फक्त टाकी आणि तिच्याखालचे कपाट जागच्या जागी. कपाटाच्या दारावर वहिनींच्या ठसठशीत अक्षरातला कागद चिकटवलेला होता: ‘याला कोणी हात लावू नये. आतले धुवायचे नाही.’ आणि खाली, कंसात, ‘काच पुसली तर चालेल, बाहेरून.’